स्वारगेटला उतरल्यावर



या व्यासपीठावरून आपण मोठमोठ्या विषयांवरची व्याख्याने ऐकत आला आहात. आमचा विषय त्या मानाने फारच लहान आहे. परगावी गेल्यावर जुन्या कॉलेजमित्राला भेटावे की न भेटावे, एवढाच तो. वाईच्या स्टँडवरून पुण्याची गाडी कधी पकडली नाही असा गृहस्थ या सभेत क्वचितच असेल, आणि ती गाडी आपणांस नेऊन सोडते ती स्वारगेटला. तेव्हा सुरुवात तेथूनच करू.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी धावली. पुढे या गाडीने खेड्यापाड्यांतली मुले शहरातल्या कॉलेजांत पोहोचविली. मुलेच नव्हेत, त्यांचे डबेही पोहोचविले. १९९२ साली आम्ही तिघे मित्र टिळक रस्त्यावरील सर परशुरामभाऊ महाविद्यालयात शिकत होतो. एक भोरचा, एक सासवडचा आणि आम्ही वाईचे. खाणावळीचे दोन वेळचे पैसे एकालाही परवडत नसत. म्हणून तिघांच्या घरांनी वार वाटून घेतले होते. सकाळच्या गाडीत कंडक्टरच्या हवाली डबा करायचा आणि आमच्यापैकी एकाने तो स्वारगेटला उतरवून घ्यायचा. गाडीला उशीर झाला की तिघेही स्टँडवर जाऊन उभे राहत असू. डबा एकाच्या घरचा, पण भाकरीचे वाटे तीन. कोणाच्या घरची भाजी तिखट आणि कोणाच्या घरची अळणी, हे आम्हांला परीक्षेच्या विषयांपेक्षा अधिक पक्के ठाऊक होते.

दुसऱ्या वर्षी आमच्या वडिलांनी अंथरूण धरले. घरचे वह्या-पुस्तकांचे दुकान उघडे ठेवणारा दुसरा कोणी नव्हता. आम्ही ट्रंक उचलली आणि परत आलो. महिन्याभराने भोरच्या मित्राचे पत्र आले. ‘तू थोडी हिंमत धरली असतीस, तर काही मार्ग निघाला असता,’ असे त्यात होते. आज त्या वाक्यात आम्हांला कळकळीखेरीज काही दिसत नाही. त्या दिवशी मात्र ते झोंबले. ज्यांची घरे सुखरूप आहेत त्यांनी दुसऱ्याच्या हिमतीचे माप काढू नये, असे आम्ही उलट टपाली कळविले. त्यानंतर पत्र आले नाही.

पुढे तो त्याच कॉलेजात रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाल्याचे कानावर आले. आमचे पुण्याला जाणे काही थांबले नव्हते. दुकानाच्या मालासाठी दर दोन महिन्यांनी अप्पा बळवंत चौकात जावेच लागे. स्वारगेटला उतरावे, रिक्षा करावी, खरेदी उरकावी आणि परतीची गाडी पकडावी. हिराबागेवरून कॉलेजपर्यंत चालत फार तर वीस मिनिटांची वाट. पण पाऊल तिकडे वळले नाही. पहिली पाच वर्षे रागाची गेली. पुढची पंचवीस वर्षे लाजेची गेली. श्रोतेहो, राग पुष्कळ बरा. तो कालांतराने निवतो. लाज मात्र व्याजासकट वाढते. ‘आता इतक्या वर्षांनी कोणत्या तोंडाने जावे?’ हा प्रश्न दर वर्षी आणखी एका वर्षाने मोठा होतो.

गेल्या पावसाळ्यात खंबाटकी घाटात वाहतूक अडली आणि परतीची गाडी दोन तास तरी येत नाही, असे चौकशीच्या खिडकीवर समजले. स्वारगेट आता ओळखू येत नाही. २०२४ च्या सप्टेंबरपासून तेथे जमिनीखालून मेट्रोही धावते. परंतु डब्याची वाट पाहत आम्ही जेथे उभे राहत असू, तेथे पाय आपोआप गेले. मग मात्र तेथे उभे राहवेना. आम्ही चालू लागलो.

कॉलेजच्या फाटकावर रखवालदाराने वही पुढे केली. नाव, गाव, कोणाला भेटायचे, हे रकाने भरले. शेवटचा रकाना होता ‘काम’. तेथे हात थांबला. रखवालदार म्हणाला, “काहीतरी लिहा, काका. रकाना रिकामा चालत नाही.” आम्ही लिहिले, ‘डबा’. त्याने ते वाचले आणि काही न बोलता आत सोडले.

मित्र प्रयोगशाळेच्या दारात उभा होता. केस पांढरे झाले होते. त्याने क्षणभर निरखून पाहिले आणि म्हणाला, “बराच उशीर केलास रे. गाडी लेट होती का?”

दोघेही हसलो. मग आम्ही सासवडकराची चौकशी केली. तो गप्प झाला. “त्याला जाऊन तीन वर्षं झाली,” तो म्हणाला. “शेवटच्या दुखण्यात तुझी फार आठवण काढायचा. तुझा नंबर नव्हता, आणि पत्र लिहायला माझा हात धजला नाही. तुझ्या आधीच्या पत्राचंच उत्तर राहिलं होतं.”

घरी येऊन आम्ही जुनी बिले काढून तारखा ताडून पाहिल्या. तो पुण्याच्या इस्पितळात होता त्याच आठवड्यात आम्ही अप्पा बळवंत चौकात वह्यांचे गठ्ठे मोजीत होतो.

येथे दोन थोर मित्रांची आठवण होते. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे आगरकर आणि रत्नागिरीचे टिळक. दोघांचाही जन्म जुलै १८५६ मधला, अंतर अवघ्या नऊ दिवसांचे. डेक्कन कॉलेजात मैत्री जमली, शिक्षणकार्याला वाहून घेण्याचा विचार तेथेच पक्का झाला. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस एकत्र काढले. पुढे मतभेद विकोपाला गेले आणि १८९० साली टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले, तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. ज्या ‘केसरी’चे आगरकर पहिले संपादक, त्याच ‘केसरी’त टिळकांना त्यांचा मृत्युलेख लिहावा लागला. त्या थोरांच्या भांडणामागे तत्त्व तरी होते. आपली भांडणे बहुधा एखाद्या पत्रातल्या एका वाक्यावर उभी असतात, आणि ते पत्रही पुढे सापडत नाही.

त्या दुपारी मित्राने आपला डबा उघडला. भाजी अळणी होती. भोरकरांच्या घरची भाजी तीस वर्षांपूर्वीही अळणीच असे. आम्ही ती पुसून खाल्ली.

श्रोतेहो, दवाखाना, कोर्ट, खरेदी या कामांनी आपण पुण्याला जातच असता. पुढच्या खेपेस परतीची एक गाडी सोडून द्या आणि ज्याला भेटायचे राहिले आहे त्याच्याकडे जा. काम काय म्हणून कोणी विचारले, तर काही नाही म्हणून सांगा. आम्हांला दोघांना भेटायचे होते, एकच भेटला. आपणांवर ती पाळी येऊ नये, एवढ्यासाठी हे चार शब्द बोललो.