१२३४५६७८९८७६५४३२१ : एका डेम्लो संख्येची ओळख

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या डावीकडून वाचली काय नि उजवीकडून वाचली काय, सारखीच. हिच्यात सतरा अंक आहेत. ‘लीलावती’तल्या स्थानांच्या नावांनी मोजत गेल्यास पहिला १ ‘मध्य’ या स्थानी येतो. त्यापुढे उरतो फक्त परार्ध.

ही संख्या म्हणजे १११११११११ चा, नऊ एकांचा, वर्ग. गुणाकार कागदावर मांडला की नऊ ओळी पडतात. प्रत्येक ओळीत तेच नऊ एक, फक्त एकेक घर डावीकडे सरकलेले. उभ्या बेरजा येतात १, २, ३ अशा ९ पर्यंत आणि पुन्हा उतरत १ पर्यंत. कुठेही हातचा येत नाही. या संख्येचे सारे रूप या एका गोष्टीवर उभे आहे.

अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव देवळालीच्या शाळेतले गणितशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी डोंबिवली स्थानकावरून दिले. त्यांच्या व्याख्येत संख्येचे तीन भाग पडतात. पहिल्या व शेवटच्या भागाची बेरीज केली की मधल्या भागाचाच अंक पुन्हा पुन्हा यावा. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५. इथे १२३४५६७८ अधिक ८७६५४३२१ बरोबर ९९९९९९९९, आणि मध्ये ९.

अवयव पाडायचे तर वर्गमूळाचे पाडावेत. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७; यातली शेवटची संख्याही मूळ संख्याच आहे. म्हणून मूळ अवयवांत ३ चार वेळा, ३७ व ३३३६६७ दोन-दोन वेळा येतात आणि एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५ होतात. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते. या मूळ संख्या इथे योगायोगाने जमलेल्या नाहीत. १ ला ३७ ने भागले तर दशांशात ०२७ हे तीन अंक फिरत राहतात, ३३३६६७ ने भागले तर ०००००२९९७ हे नऊ अंक.

अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने नि:शेष भाग जातो. भागाकार १२३४५६७९ चा वर्ग. आपल्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले. एक ते नऊ एकांच्या नऊ वर्गांत हर्षद तीनच : १, १२३२१ आणि ही.

दहा एकांचा वर्ग केला की मधल्या उभ्या ओळीत बेरीज १० होते, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. त्याच्या अंकांची बेरीज ८२ आहे. संख्या विषम, त्यामुळे ८२ ने तिला भाग जात नाही.