फाटकाचा हिशेब
(नाशिक येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूर जिल्ह्यात कन्हानजवळ वऱ्हाडाचा ट्रॅक्टर रेल्वेगाडीखाली सापडला. पन्नासांहून अधिक माणसे गेली. त्या फाटकावर रखवालदार नव्हता. ब्रॉडगेज मार्गांवरील अशी बिनरखवालीची फाटके जानेवारी २०१९ अखेर संपुष्टात आली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ८ जुलै २०२५ रोजी तामिळनाडूतील कडलूरजवळ शाळेची गाडी रेल्वेखाली आली आणि तीन विद्यार्थी दगावले. तेथे फाटक होते, रखवालदारही होता. नव्हते ते इंटरलॉकिंग.

इंटरलॉकिंग म्हणजे फाटक पडून कुलूपबंद झाल्याखेरीज गाडीला सिग्नल मिळूच नये, अशी सांगड. ती नसेल तेथे सारी भिस्त स्टेशनमास्तर आणि फाटकवाला यांच्यातील टेलिफोनवर. थकलेल्या माणसाची एक चूक अडविणारे तेथे काहीच नसते. कडलूरला फाटकवाल्यास अटक झाली. पण ज्या व्यवस्थेने सारा भार त्या एकट्यावर टाकला, तिची जबाबदारी कोण ठरविणार?

'कवच' यंत्रणा फाटक जवळ येताच इंजिनाची शिट्टी आपोआप वाजविते. मात्र रुळांवर अडकलेला ट्रॅक्टर तिला दिसत नाही. खरा उपाय उड्डाणपूल किंवा भुयारी मार्ग हाच. डॉ. अनिल काकोडकर समितीने २०१२ साली सर्व फाटके पाच वर्षांत काढून टाकण्याची शिफारस केली. खर्च सुमारे ५० हजार कोटी रुपये धरला आणि होणाऱ्या बचतीतून तो सात-आठ वर्षांत भरून निघेल, असेही सांगितले. तरीही ती मुदत पाळली गेली नाही.

मग अग्रक्रम कसा ठरतो? दिवसभरातील रेल्वेगाड्यांच्या संख्येला रस्त्यावरील वाहनांच्या संख्येने गुणून. कडलूरनंतर इंटरलॉकिंगसाठी हा आकडा १० हजारांवर आणला गेला. सुधारणा स्वागतार्ह आहे. पण या गुणाकारात पायी शाळेला निघालेले पोर शून्य धरले जाते. निफाड-लासलगाव भागात कांद्याच्या हंगामात रस्ते ट्रॅक्टरांनी भरून जातात. मोजणी हंगामाबाहेर झाली, तर तेच फाटक कागदावर ओस ठरते.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील प्रत्येक फाटकाची नोंद करावी. इंटरलॉकिंग आहे काय, मोजणी कोणत्या महिन्यात झाली, पुलाचा प्रस्ताव कोणत्या कचेरीत पडून आहे, हे तीन प्रश्न ग्रामसभेतून लेखी विचारावेत. अपघातानंतर भरपाई मागण्यापेक्षा अपघातापूर्वी हिशेब मागणे, हेच खरे लोककार्य होय.