मोटारघरांतील जनरेटर : तेल कोठें अडतें ?

अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यांत क्वार्टझसाइट नांवाचें एक लहानसें गांव आहे. हिवाळा आला कीं त्याच्या भोंवतालच्या सरकारी माळरानावर हजारों मोटारघरें येऊन उभीं राहतात. नोकरीधंद्यांतून निवृत्त झालेलीं वृद्ध जोडपीं उत्तरेकडील बर्फ चुकविण्यासाठीं तेथें महिनेच्या महिने मुक्काम करतात. माळावर विजेचे खांब नाहींत. बॅटऱ्या व सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या तबकड्या असतात खऱ्या, परंतु ढगाळ दिवसांत शेवटीं भिस्त असते ती गाडीच्या पोटांत बसविलेल्या डिझेल जनरेटरवर. शीतपेटींतील इन्सुलिन, रात्रीं झोपेंत श्वासाला साह्य करणारें यंत्र, सारें त्याच्यावर अवलंबून. असा जनरेटर पांच मिनिटें चालून धापा टाकीत थांबूं लागला, म्हणजे प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाहीं.

डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाहीं. हवा इतक्या जोरानें दाबावयाची कीं ती दाबानेंच तापावी, आणि तींत तेलाचा बारीक फवारा उडवावयाचा. तेल आपोआप पेटतें. रुडॉल्फ डीझेल यानें १८९७ मध्यें जर्मनींतील ऑग्सबुर्ग येथें आपलें इंजिन चालवून दाखविलें, तेव्हां तेल आंत फुंकण्यासाठीं दाबलेली हवाच वापरली होती. पुढें ती पद्धत मागें पडली व तेलालाच प्रचंड दाब देऊं लागले. आणि मौज अशी कीं, जी हवा पूर्वीं तेलाची वाहक होती तीच त्याच्या वाटेंतील वैरीण ठरली. तेल दाबलें तरी फारसें आकसत नाहीं, हवा मात्र आकसते. नळींत बुडबुडा शिरला कीं पंपाचा सारा जोर त्याला चेपण्यांत खर्च होतो व फवारा उडतच नाहीं. आपल्याकडे विहिरीवरचें डिझेल इंजिन ‘एअर धरतें’, तें याच कारणानें.

पाने-पक्कड घेऊन सरसावण्यापूर्वीं जनरेटर बंद पडला तो कसा, हें पाहावें. बटण दाबल्यासारखा एकदम थांबला, तर दोष बहुधा विजेच्या तारेंत, किंवा इंजिन फार तापल्यास अथवा वंगणाचा दाब उतरल्यास तें बंद करणाऱ्या रक्षक-योजनेंत सांपडेल. परंतु दिवे मंद-प्रखर होऊं लागले, इंजिनाचा सूर वरखालीं होऊं लागला आणि मग तें थांबलें, तर त्यास तेल पुरत नाहीं असें समजावें. गार हवेचें एक यंत्र चालूं असतां ठीक चालतो व दुसरें लावतांच गुदमरतो, हेंहि तेंच लक्षण. बोजा वाढला कीं तेल अधिक लागतें आणि अर्धवट तुंबलेली गाळणी तेवढें देऊं शकत नाहीं.

नंतर टाकीचा कांटा पाहावा. हें सांगणें पोरकट वाटेल. पण डिझेल मोटारघरांत मोटारीचें इंजिन व जनरेटर बहुधा एकाच टाकींतून तेल घेतात, आणि जनरेटरची शोषनळी मुद्दाम आंखूड ठेविलेली असते. टाकी सुमारें पाव भागावर आली कीं तिचें तोंड उघडें पडतें. वीज जाळतां जाळतां गांव गांठण्यापुरतें तेल मोटारीस उरावें, हा त्यांतील हेतु. गाडी उतारावर उभी असली तर हा प्रकार त्याहून आधींच घडतो.

खरा गुंता यापुढें आहे. टाकीपासून पंपापर्यंतच्या लांब नळींत तेल ढकललें जात नाहीं, ओढलें जातें. म्हणून तींतील दाब बाहेरच्या हवेहून कमी असतो. येथें भेग पडली तर चालत्या इंजिनांत तेल बाहेर ठिबकत नाहीं, हवा आंत शिरते. गळती शोधणारा मनुष्य ओली जागा हुडकीत बसतो, आणि दोष असतो तो कोरड्या ठणठणीत दिसणाऱ्या नळींत ! पंपाच्या पुढें मात्र उलट. तेथील गळती डोळ्यांना दिसते व नाकालाहि कळते. हा एक भेद ध्यानांत न घेतल्यामुळें महागडा फवारणी-पंप बदलला जातो, आणि अपराधी निघतें तें वाळलेलें रबर किंवा सैल झालेली क्लिप.

निवाडा करण्याची रीत सोपी आहे. इंजिन गार झाल्यावर पंपाच्या तोंडाशीं टाकीची नळी सोडून तेथें नवी आंखूड नळी लावावी व तिचें दुसरें टोंक स्वच्छ डिझेलच्या डब्यांत बुडवावें. परतीची नळीहि त्याच डब्यांत सोडावी, नाहीं तर डबा पाहतां पाहतां रिकामा होतो. डबा पंपाच्या पातळीखालीं आणि तप्त धुराड्यापासून दूर असावा. आतां जनरेटर बोजासह सुरळीत चालला, तर दोष टाकीकडे; तसाच अडखळला, तर पंप, गाळणी किंवा त्यापुढें. मागाहून टाकीच्या नळींत पारदर्शक नळीचा एक तुकडा बसवावा. बुडबुडे दिसले तर हवा शिरते आहे. बुडबुडे नसूनहि इंजिन उपाशी मरत असेल तर वाट तुंबली आहे. जुन्या रबराचें आंतलें अस्तर सुटून शोषणानें चिकटतें, वरून नळी धडधाकट दिसते. गाळणींत काळा बुळबुळीत चिखल आढळला तर टाकीच्या तळाशीं पाणी सांचलें आहे असें समजावें. पाणी व तेल यांच्या सीमेवर जंतू व बुरशी वाढतात. नुसती गाळणी बदलून तेथें भागत नाहीं, टाकी साफ करावी लागते.

दुरुस्तीनंतर हवा काढून टाकावी. कांहीं जनरेटरांवर बंद करण्याचेंच बटण दाबून धरलें असतां पंप चालून नळी भरते. चालत्या इंजिनाच्या फवारणी-नळीचा सांधा सैल करून त्यासमोर हात मात्र कदापि धरूं नये. तेलाची बारीक धार कातडी भेदून आंत शिरते, जखम टांचणीएवढी दिसते आणि वेळ शस्त्रक्रियेची येते. मग दोन्ही यंत्रें लावून जनरेटर अर्धा तास चालवावा. प्रारंभीं दिसणारे थोडे बुडबुडे ओसरले व धार स्वच्छ राहिली, कीं पारदर्शक तुकडा काढून डिझेलसाठींच बनविलेली नळी कायमची बसवावी.