आधी घास, मग शस्त्रक्रिया



लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेबद्दल बोला, असं संयोजकांनी सुचवलं. खर्च किती, टाके किती, किलो किती उतरणार, हे प्रश्न तुमच्या मनात असणार. त्यांची उत्तरं शल्यविशारदांनी द्यावीत. मी आहारतज्ज्ञ आहे. या शस्त्रक्रियेला निघालेली आणि ती करून आलेली माणसं माझ्यासमोर बसतात, आणि त्यांच्याशी होणाऱ्या बोलण्यातला फार मोठा भाग एकाच विषयावर खर्च होतो: घास लहान घ्या, नीट चावा, जेवणाला वेळ द्या. हे ऐकायला इतकं साधं वाटतं की रुग्ण मान डोलावतात आणि घरी जाऊन पहिल्यासारखे जेवतात. म्हणून आज मी एवढंच मांडणार आहे की हे शिक्षण ऑपरेशनच्या आधी झालं पाहिजे, आणि ते रुग्णाइतकंच त्याच्या घराचंही झालं पाहिजे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करते. भराभर जेवलं म्हणून कुणी इतकं लठ्ठ होत नाही. अनुवंश, संप्रेरकं, काही औषधं, झोप, कामाचं स्वरूप, पैशांची ओढाताण, अशा कितीतरी गोष्टी त्यात गुंतलेल्या असतात. वर्षानुवर्षं उपास आणि डाएट करून थकलेला माणूस माझ्याकडे येतो तेव्हा ‘तुम्ही चावत नाही म्हणून असं झालं’ असं त्याला सांगणं खोटंही आहे आणि क्रूरही. चावण्याचा आग्रह मी धरते तो शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या शरीरासाठी.

ते शरीर कसं बदलतं, ते पाहू. या शस्त्रक्रियेची कल्पना 1966 साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी प्रत्यक्षात आणली. अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा भाग काढावा लागला, ते रुग्ण बारीक होतात आणि त्यांचं वजन सहसा परत वाढत नाही, हे सर्जनांच्या लक्षात आलेलं होतं. त्यातून गॅस्ट्रिक बायपास जन्माला आला. आपल्याकडे अनेकांनी या शस्त्रक्रियेचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते 2011 साली, नितीन गडकरी यांनी ती मुंबईत करून घेतली तेव्हा. आज आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार होतात. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक काढून टाकतात आणि साधारण 100 ते 150 मिलिलिटर मावेल अशी अरुंद नळी उरते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे 30 मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. धडधाकट जठरात एक ते दीड लिटर अन्न आरामात मावतं.

आकार लहान झाला, हे सगळ्यांना कळतं. पण काम करणारा एक भाग गेला, हे फार थोड्यांना कळतं. जठराचा खालचा भाग हे आपल्या पोटातलं जातं आहे. तिथले जाड स्नायू अन्न पुन्हा पुन्हा घुसळतात, दळतात आणि कण एक-दोन मिलिमीटरचे झाले की मगच पुढचं दार त्यांना आतड्यात जाऊ देतं. आपण अर्धवट चावलेली पोळी गिळतो आणि काहीच होत नाही, याचं कारण तिथे कुणीतरी मुकाट्याने आपली चूक निस्तरत असतं. बायपासनंतर अन्नाची आणि त्या भागाची गाठच पडत नाही. पिशवीतून बाहेर पडायची वाट जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची. जे दळायचं ते दातांनीच. स्लीव्हमध्ये खालचा भाग बराचसा शिल्लक असतो, पण वरचा फुगीर भाग, जो अन्न आलं की सैल होऊन त्याला जागा करून देतो, तो निघून गेलेला असतो. अन्नाला थांबायला जागा नाही. घाईने चार घास गेले की नळीतला दाब वाढतो आणि तो थेट छातीत जाणवतो.

अन्न बारीक असलं की लवकर पचतं, हे माणसाने डोळ्यांनी पाहिलं त्याला दोनशे वर्षं झाली. 1822 साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीचा छर्रा लागला. तो वाचला, पण पोटाला पडलेलं भोक कायमचं राहिलं. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्या भोकातून दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडून पचन प्रत्यक्ष पाहिलं आणि 1833 साली ते छापलं. त्याच्या निष्कर्षांत हेही होतं, की अन्नाचे तुकडे जितके बारीक आणि तंतू जितके मऊ, तितकं पचन सुलभ. त्या तरुणाला यापायी किती सोसावं लागलं, तेही विसरता कामा नये. आपलं बरंचसं ज्ञान अशा कुणाच्या तरी देहावर लिहिलं गेलं आहे.

आता भुकेबद्दल. जठराचा जो वरचा भाग स्लीव्हमध्ये जातो, तिथेच ‘घ्रेलिन’ हे भूक जागवणारं संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होतं. 1999 साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी ते शोधलं. तो भाग गेला की पहिले काही महिने भूक खूपच मंदावते. कित्येकांना आठवण करून द्यावी लागते, की आता जेवा. तरीही घास अडकतात. कारण भूक कमी झाली तरी हाताचा वेग तोच राहतो. तो वेग भुकेने ठरवलेला नसतो, तीस-चाळीस वर्षांच्या सवयीने ठरवलेला असतो. ऑपरेशनने पोट बदलतं. हात, दात आणि जीभ जुनीच असतात.

घास अडकतो म्हणजे काय होतं, ते ज्याने भोगलं त्यालाच माहीत. छातीच्या मधोमध दाटून येतं. तोंडात लाळ सुटते, फेसासारखी, थुंकावी तरी संपत नाही. कुणाला उचकी लागते, कुणाच्या नाकातून पाणी वाहतं. माणूस पानावरून उठतो, बेसिनपाशी उभा राहतो आणि शेवटी तो घास जसाच्या तसा बाहेर येतो. घरचे घाबरतात, ‘पाणी पी, उतरेल’ म्हणतात. पाण्याने तो उतरत नाही, वरची दाटी मात्र वाढते. अशा वेळी खाणंपिणं थांबवून सरळ बसावं किंवा हळू चालावं. आणि काहीच गिळता येईना, लाळही आत जाईना असं झालं, तर दवाखाना गाठावा. उचकी, नाकाचं पाणी, खोल सुस्कारा या खुणा बहुतेकांत घास पुरता अडकण्याआधीच येऊन जातात. त्या ओळखून पुढचा घास न घेणं, ही शिकण्याची गोष्ट आहे.

अडकणारे पदार्थ आपल्या रोजच्या ताटातलेच आहेत. मऊसूत पोळी, आपल्या सुगरणपणाची खूण, तोंडात तिचा चिकट गोळा होतो. ताज्या पावाचंही तेच. तोच पाव कुरकुरीत भाजला तर अनेकांना चालतो. मोकळा फडफडीत भात, ओल्या नारळाचा कीस, संत्र्याच्या फोडीवरचा पांढरा धागा, चिवट मटण. शस्त्रक्रियेनंतर आधी पातळ पदार्थ, मग घोटलेलं, मग मऊ आणि मग नेहमीचं, अशा पायऱ्यांनी काही आठवडे जातात. वरणाचं पाणी, ताक, मग घोटलेलं मुगाचं वरण, पनीर, अंडं. यात प्रथिनांना पहिला मान, कारण दिवसाला साधारण 60 ग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रथिनं एवढ्याशा पोटात बसवायची असतात. या पातळ-मऊ आठवड्यांत चावण्याचा प्रश्नच येत नाही. मग महिन्या-दीड महिन्याने अचानक पोळीचा घास समोर येतो आणि आपण अपेक्षा करतो, की माणूस आता आपोआप हळू जेवेल. कसा जेवेल? शिकवलं कधी?

म्हणूनच सराव आधी. तारीख ठरण्यापासून ऑपरेशनपर्यंत जे आठवडे मिळतात, ते या कामाचे. मी रुग्णाला जेवताना पाहते, तेव्हा तोंडापेक्षा बोटांकडे अधिक लक्ष देते. आपण हाताने जेवतो. एक घास तोंडात असतानाच बोटं पुढचा घास कालवून तयार ठेवतात, आणि तयार घास समोर दिसला की तोंडातला घाईने गिळला जातो. यावर मी एवढंच सांगते: घास तोंडात गेला की हात ताटाबाहेर, मांडीवर. तोंड रिकामं झाल्याशिवाय कालवायचं नाही. घास करंगळीच्या नखाएवढा. पहिले काही दिवस हे अवघड जातं. लोकांना अक्षरशः राग येतो. मग हात शिकतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्या पानाजवळ भांडं असतंच, आणि न चावलेला घास आपण पाण्याने, आमटीच्या भुरक्याने, ताकाने खाली ढकलतो. ऑपरेशननंतर जेवताना पाणी नाही, आणि जेवल्यावर अर्धा तास नाही. लहानशा पोटातली जागा पाण्याने अडते, आणि अन्न पाण्याबरोबर लवकर पुढे सरकलं की पोट भरल्याची जाणीवही टिकत नाही. ही सवय आधी मोडली, की चावणं निम्मं साधतं, कारण ढकलायला काही उरत नाही.

किती वेळा चावायचं? ‘बत्तीस दात, बत्तीस वेळा’ हे आपण लहानपणापासून ऐकलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत होरेस फ्लेचर नावाच्या गृहस्थाने तर चावण्याचा पंथच काढला होता. घास पाण्यासारखा होईपर्यंत चावा, म्हणजे सगळे रोग टळतील, असा त्याचा दावा. इतकं काही त्याने होत नाही. 2011 साली चीनमधल्या हार्बिन इथे तरुणांवर झालेल्या एका प्रयोगात घास 15 ऐवजी 40 वेळा चावल्यावर त्या जेवणातलं खाणं सुमारे 12 टक्के कमी झालं. उपयोग आहे, चमत्कार नाही. मी आकडा देत नाही. दह्याला आणि भाकरीला एकच आकडा कसा लागू पडेल? जिभेला कण लागता कामा नये, ही खूण पुरेशी आहे. एका जेवणाला 20 ते 30 मिनिटं. तासभर रेंगाळतही बसू नये. तसं केलं की जेवण संपतच नाही, दिवसभर चरणं सुरू होतं.

आणि हे सगळं दात असतील तर. दाढा पडलेल्या, कवळी डब्यात ठेवलेली, किंवा वर्षानुवर्षं गुटखा-सुपारी चघळून तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, अशी माणसं आपल्या महाराष्ट्रात कमी नाहीत. रक्त, हृदय, फुप्फुसं सगळं तपासतात. तोंड उघडून दाखवायला सांगितलं जातंच असं नाही. दंतवैद्याकडची फेरी ऑपरेशनच्या आधीच्या यादीत हवी, असं माझं ठाम मत आहे.

आता घराकडे येते, कारण खरी अडचण तिथे आहे. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी विचारते, बसून जेवता का? बहुतेकींना क्षणभर उत्तर सुचत नाही. सगळ्यांना वाढून, डबे भरून, शेवटी ओट्याशी उभ्याने, उरलेलं संपवत त्या जेवतात. पाच-सात मिनिटांत. अशा बाईला ‘अर्धा तास बसून जेवा’ असं कागदावर लिहून देणं म्हणजे तिच्याकडे नसलेली वस्तू आणायला सांगणं आहे. तो अर्धा तास घरातल्या इतरांनी तिला द्यायचा असतो: कुणीतरी पोळ्या लाटायच्या, कुणीतरी मुलाला वाढायचं. शिफ्टमध्ये काम करणारे, बस चालवणारे, लोकल पकडण्याआधी फलाटावर वडापाव संपवणारे, यांच्या घाईमागेही कुणीतरी ठरवलेली वेळ असते. म्हणून मी पहिल्या भेटीला नवरा, सासूबाई, मुलगी, जो कुणी स्वयंपाकघरात वावरतो त्याला बरोबर बोलावते.

दुसरा प्रश्न आग्रहाचा. आपली पंगत ‘सावकाश होऊ द्या’ म्हणून सुरू होते आणि मग वाढपी धावू लागतात. यजमानाचं प्रेम जिलबीच्या संख्येवर मोजलं जातं. ऑपरेशन झालेल्या माणसाला त्या पंगतीत फार एकटं वाटतं. तो चौथ्या घासाला थांबतो आणि सगळे त्याच्या पानाकडे पाहतात. कृपा करून पाहू नका. ‘एवढंच?’ हा प्रश्न विचारू नका. पानात टाकू नये, हा आपला संस्कार चांगला आहे. त्यासाठी पानात कमी वाढावं, पोटाला शिक्षा करू नये.

वर्ष-दीड वर्षाने गोष्ट पालटते. भूक थोडी परतते, घास अडकणं जवळजवळ थांबतं, आणि माणूस हुशार होतो: कोणते पदार्थ न चावता सहज उतरतात, हे त्याला कळलेलं असतं. चहात बुडवलेलं बिस्किट, फरसाण, शिरा, आइस्क्रीम. पोळी-भाजी-उसळीला वेळ लागतो, हे पदार्थ घसरत जातात. त्यांनी पोट भरल्याची जाणीव होत नाही, आणि काट्यावर वजन पुन्हा चढू लागतं. अशा वेळी लोक लाजून यायचेच बंद होतात. येत राहा. उसळ आणि अंडं चावून खाण्यापासून पुन्हा सुरुवात करता येते. ओरडण्यासाठी कुणी बसलेलं नाही.

शेवटी, चावण्याच्या उपदेशाची मर्यादा. उलटी झाली की ‘तू नीट चावलं नसशील’ असं म्हणायची सवय घरच्यांना लागते, कधी आम्हालाही लागते. एखादा घास उलटून पडणं वेगळं. पण दिवसामागून दिवस उलट्या होत असतील, तर चावण्याला दोष देत घरी बसू नका. वाट आक्रसलेली असू शकते. शिवाय शरीरातला ब-1 जीवनसत्त्वाचा साठा काही आठवड्यांत संपतो. मग डोळ्यांपुढे दोन दोन दिसणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ होणं अशी लक्षणं दिसतात, आणि उशीर झाला तर मेंदूचं नुकसान भरून येत नाही. लगेच शल्यविशारदांशी बोला. रात्री-अपरात्री जवळच्या दवाखान्यात जावं लागलं, तर पोटाचं ऑपरेशन झालेलं आहे हे पहिल्या वाक्यात सांगा, आणि ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी ब-1 द्यायला हवं का, हे विचारा. ऑपरेशनचा कागद पाकिटात ठेवा, आणि त्याची एक प्रत घरात अशा माणसाकडे द्या, जो त्या वेळी तुमच्याबरोबर येणार आहे.