देव जाणतो, निवड माणसाची



देवाला उद्याचे सारे ठाऊक असेल, तर माणसाच्या हाती काय उरते? पारावर हा प्रश्न नेहमी निघतो. गीतेनेही तो टाळलेला नाही. सातव्या अध्यायात भगवान सांगतात, की झालेले, असलेले व होणारे सर्व जीव ते जाणतात. अकराव्यात तर भीष्म, द्रोण, जयद्रथ, कर्ण हे आधीच मारले गेले आहेत, अर्जुनाने केवळ निमित्त व्हावे, असे म्हणतात. आणि अठराव्यात उपदेश संपविताना तेच भगवान अर्जुनाला पूर्ण विचार करून स्वतःच्या इच्छेप्रमाणे वागावयास सांगतात. सर्व जाणणाऱ्यानेही निवड अर्जुनावरच सोडली!

हे जुळते कसे? टेकडीवरच्या माणसाला घाटाची सारी वळणे आणि त्यांवरून येणारी बैलगाडी एकदम दिसते. पण कासरा गाडीवानाच्याच हाती असतो. देवाला तिन्ही काळ तसे दिसतात. माणूस करतो म्हणून देव जाणतो. देव जाणतो म्हणून माणूस करीत नाही.

धृतराष्ट्राने मात्र उलट केले. विदुराने बजावले असतानाही त्याने दैवाचे नाव पुढे करून द्यूत होऊ दिले. दैव त्याला दिसले नव्हते. पुत्रमोह मात्र त्याचा स्वतःचा होता.

म्हणून व्यसनात घर बुडविणाऱ्याने, भावाचा बांध कोरणाऱ्याने ‘देवाची इच्छा’ म्हणू नये. हे मंदिर पुन्हा उभे राहणार, हे देवाने जाणले असेल. दगड मात्र माणसांनीच उचलले.