दिव्याचा रोजमेळ



वसतिगृहातील विद्यार्थ्यास विजेचे बिल दिसत नाही. एकदा शुल्क भरले की दिवा रात्रभर जळो वा विझो, त्याच्या खिशास झळ पोहोचत नाही. उधळपट्टीचे मूळ बहुधा बेपर्वाईपेक्षा या अज्ञानातच असते.

अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ओबर्लिन महाविद्यालयात २००५ साली याचा प्रत्यय आला. प्राध्यापक जॉन पीटरसन व विद्यार्थी यांनी दोन वसतिगृहांतील वीज-पाण्याचा वापर संगणकाच्या पडद्यावर तत्क्षणी दिसेल अशी व्यवस्था केली. अन्य २० वसतिगृहांचे मीटर हाताने वाचून आकडे आठवड्यातून एकदा कळविले जात. मग दोन आठवड्यांची स्पर्धा झाली. वीजवापर ३२ टक्क्यांनी घटला. ६८,३०० युनिटे, म्हणजेच ५,१०७ डॉलर वाचले. तत्क्षणी हिशेब पाहणाऱ्यांची कपात ५५ टक्के, तर आठवड्याने कळणाऱ्यांची ३१ टक्के! रोजमेळ रोज लिहिणारी पेढी व वर्षअखेर चोपड्या उघडणारी पेढी यांतील हा भेद व्यापारी समाजास नव्याने सांगावयास नको.

पाण्याची बचत मात्र जेमतेम ३ टक्के झाली. दिवा मालविणे सोपे; स्नान आखडते घेणे कठीण असावे.

उत्साहाच्या भरात काहींनी व्हरांड्यातील दिवेही बंद ठेवले, खाद्यपेयांच्या स्वयंचलित यंत्रांच्या पिना काढल्या. असे उपाय स्पर्धेपुरतेच टिकणारे, हे पुढील पाहणीत दिसून आले. परंतु स्पर्धा नसतानाही पडद्यावरील आकडे आपण पाहत राहू, असे विद्यार्थ्यांनी त्याच पाहणीत नोंदविले.