काचेत पाणी दिसले नाही तर?

(कल्याण येथे उपासनेनंतर झालेल्या मदतगारांच्या सभेतील भाषण)



मला वीस मिनिटे दिली आहेत आणि विषय दिला आहे 'बॉयलरच्या वर्गाचा अहवाल'. किती मुले आली, किती पास झाली, ते पत्रकात येईलच. मी आज तुम्हाला त्या परीक्षेत काय विचारतात ते सांगणार आहे. ते कळले की आमची मुले कुठे अडतात तेही कळेल.

तुमच्यापैकी बरेच जण डोंबिवली, अंबरनाथ, भिवंडी भागात नोकरी करता. कापड रंगवायचे असो, औषध बनवायचे असो की बिस्किटाचा कारखाना असो, वाफ लागते. वाफ करणारे भांडे म्हणजे बॉयलर. सरकारी कागदावर त्याला 'बाष्पक' म्हणतात. पाड्यावरची मुले 'बायलर' म्हणतात, आणि मीही वर्गात तेच म्हणतो. बंद भांडे, दाबाखाली वाफ आणि माप पंचवीस लिटरपेक्षा जास्त, एवढे झाले की ते कायद्यात आले. १९२३ चा कायदा शंभरावर वर्षे चालला, २०२५ मध्ये नवा आला. पण मूळ अट तीच आहे: प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या ताब्यात असल्याशिवाय बॉयलर चालवायचा नाही. त्या माणसाला म्हणतात बॉयलर अटेंडंट. त्याचे पहिला वर्ग आणि दुसरा वर्ग असे दोन दाखले असतात. आमची मुले दुसऱ्या वर्गाची तयारी करतात.

ही अट कशासाठी, ते सांगतो. एक लिटर पाण्याची मोकळ्या हवेत वाफ झाली तर ती सोळाशे लिटरच्या वर जागा मागते. दहा किलो दाबाच्या बॉयलरमध्ये पाणी १८० अंशांच्या पुढे तापलेले असते आणि केवळ दाबामुळे पाणी म्हणून राहिलेले असते. पत्रा फाटला, दाब गेला, की त्या पाण्यातले बरेचसे एका क्षणात वाफ होऊ पाहते. डोंबिवलीकरांना स्फोट म्हणजे काय हे मी सांगायला नको. मे २०१६ आणि मे २०२४, दोन्ही वेळा एमआयडीसीच्या बाहेरच्या घरांच्याही काचा फुटल्या. २०२४ च्या वेळी पहिल्या बातम्यांत 'बॉयलर फुटला' असेच आले होते, नंतर तो रिअ‍ॅक्टर असल्याचे सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांनी विचारले, दोन्हींत फरक काय? रिअ‍ॅक्टरमध्ये रसायनांची आपसांत क्रिया होते आणि उष्णता आतूनच वाढू शकते. बॉयलरमध्ये उष्णता आपण बाहेरून देतो, म्हणून ती बंद करणे माणसाच्या हातात असते. माझ्या मते अख्खी परीक्षा या एका वाक्यावर उभी आहे.

आता परीक्षेचा प्रश्न. परीक्षक समोर बसवतात आणि विचारतात, "गेज ग्लासमध्ये पाणी दिसत नाही. काय करशील?"

गेज ग्लास म्हणजे बॉयलरच्या अंगावरची काचेची नळी. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसते. आता तुम्हीच मनात उत्तर द्या. पाणी कमी झाले आहे, आग चालू आहे, तर पाणी सोडावे, असेच वाटते ना? आमच्या दहापैकी आठ मुलांचे पहिल्या दिवशी हेच उत्तर असते. गवताला आग लागली की पाणी ओतायचे, हे लहानपणापासून पाहिलेले आहे. पण इथे ते उत्तर दिले तर नापास, आणि खऱ्या बॉयलरवर तसे केले तर त्याहून वाईट. पाण्याविना नळ्या लाल झालेल्या असू शकतात, त्यांवर थंड पाणी पडले की धातू आकसतो, तडकतो, आणि पाण्याची एकदम वाफ होते. म्हणून पहिले काम, आग बंद. मग नळीचे कॉक उघडून-मिटून बघायचे की काच खोटे तर बोलत नाही ना, कारण कधी कधी नळीच चोंदलेली असते. पाणी खरेच गेले असेल तर फीड पंपाला हात लावायचा नाही, बॉयलर आपोआप थंड होऊ द्यायचा आणि वरिष्ठांना कळवायचे.

हे मी कुकरवरून शिकवतो. शिट्टी म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. झाकणावरचा तो छोटा सेफ्टी प्लग आठवतो? कुकरमधले पाणी आटले की तो वितळतो आणि वाफ बाहेर पडते. जुन्या बॉयलरमध्ये भट्टीच्या माथ्यावर तसाच फ्युजिबल प्लग असे. आताच्या तेलावरच्या बॉयलरमध्ये मोब्री असते, पाणी खाली गेले की ती बर्नरच बंद करते. अर्थात ती चालते की नाही हे रोज तपासावे लागते. एका मुलाच्या घरी कुकर नव्हता. त्याने आपल्या आईच्या चुलीवरून सगळे मांडले: फुंकणी म्हणजे ब्लोअर, ओले लाकूड म्हणजे खराब तेल. मला ते कुकरपेक्षा बरे वाटले.

तेलाचा भाग मुलांना आवडतो. फर्नेस ऑइल थंड असताना काकवीसारखे असते. बर्नरपाशी येईपर्यंत ते शंभर अंशांच्या आसपास तापवावे लागते, तरच नोझलमधून त्याचा फवारा उडतो. पेटवण्याआधी नुसता पंखा चालवून भट्टीतला जुना वायू बाहेर काढायचा, मग ठिणगी, मग तेल. ज्योत धरली नाही तर फोटोसेलला अंधार दिसतो आणि बर्नर बंद पडतो. तेव्हा रीसेटचे बटण पुन्हा पुन्हा दाबायचे नाही. प्रत्येक दाबासरशी थोडे तेल भट्टीत साचते आणि शेवटी पेटते तेव्हा सगळे एकदम पेटते. इंग्लंड-अमेरिकेत थंडीसाठी काही घरांत तेलावरची लहान भट्टी असते, काही ठिकाणी तिच्या दुरुस्तीवाल्यांनाही परीक्षा देऊन दाखला घ्यावा लागतो आणि तिच्या बटणाबद्दल त्यांनाही हीच ताकीद असते. मुलांना हे सांगितले की त्यांच्या चेहऱ्यावर जरा रुबाब येतो.

आणि धूर. काळा धूर म्हणजे हवा कमी. हे मला शिकवावे लागले नाही. आमच्यातली बरीच मुले शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांवरची आहेत. दिवाळी झाली की उचल घेऊन कुटुंबच्या कुटुंब वीटभट्टीवर जाते, ते पावसाच्या तोंडावर परत येते. शाळा त्यातच सुटते. आदिवासी म्हणून आग कळते, असले काही मी म्हणत नाही. आठ-दहा हंगाम भट्टीच्या धुरात काढलेल्या कोणालाही ते कळेल. कळले म्हणून त्याचा दाखला मात्र कोणी दिलेला नसतो.

तर मुले अडतात कुठे? शब्दांवर थोडी अडतात. 'ब्लोडाऊन', 'स्केल', 'फीड वॉटर' हे शब्द मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहेत. पाण्यातला क्षार नळ्यांवर बसतो तो स्केल, आणि तळाचा गाळ व्हॉल्व्ह उघडून काढणे म्हणजे ब्लोडाऊन. दोन महिन्यांत जमते. वेळेवरही अडतात. कसारा लोकल चुकली की वाशिंद-आसनगावची मुले अर्धा वर्ग झाल्यावर येतात. मुरबाडला तर रेल्वेच नाही, एस.टी. वर सारे.

खरा अडसर अनुभवाच्या पत्राचा आहे. परीक्षेला बसायचे तर बॉयलरवर काम केल्याचे मालकाच्या सहीचे पत्र लागते. वाशिंदजवळच्या पाड्यावरचा एक मुलगा तीन वर्षे एका कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये हेल्पर आहे. रात्रपाळीला तेलाचे तापमान, पाण्याची पातळी, धुराड्याचे तापमान दर तासाला तोच बघतो. वहीत मात्र नाव दुसऱ्याचे लागते. तो ठेकेदाराचा माणूस, आणि तीन वर्षांत ठेकेदार दोनदा बदलला. पहिल्याचा फोन लागत नाही. दुसऱ्याने पत्र दिले, त्यात लिहिले 'सफाई कामगार'. शिवाय आधारवर नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. त्या दुरुस्तीला तहसील कार्यालयाच्या चकरा झाल्या आणि प्रत्येक चकरेला एक खाडा पडला.

कोणी म्हणेल, हेल्पर म्हणूनही पगार मिळतोच की. मिळतो. पण दाखला नसलेल्या माणसाला पाणी गेलेले दिसले तरी आग बंद करायची हिंमत होत नाही. प्रॉडक्शन थांबले तर सुपरवायझर विचारणार, तुला कोणी सांगितले? दाखलेवाल्याला ते काम कायद्यानेच सोपवलेले असते. तो बंद करून सांगू शकतो की मी बंद केले. त्याच्या पगाराइतकीच मला या गोष्टीची किंमत वाटते. आणि त्या भिंतीच्या पलीकडे आपलीच घरे आहेत.

म्हणून आज मी पैसे मागायला आलेलो नाही. पुस्तके आणि प्रवासखर्च तुमच्या देणग्यांतून भागतो आहे. माझी मागणी कारखान्यांत असलेल्या बंधूंकडे आहे. तुमच्या बॉयलर हाऊसची लॉगबुक एकदा उघडून पाहा. जो मुलगा नोंदी घेतो त्याचे नाव त्यात लिहिले जाते का? नसेल तर लिहायला सांगा. एच.आर.मध्ये असाल तर ठेकेदाराच्या करारात 'हेल्पर, बॉयलर' हे दोन शब्द घाला आणि पत्र वेळेवर द्या, खोटे एक अक्षरही नको. दाखला असलेले कोणी निवृत्त अटेंडंट इथे बसले असतील तर शनिवारी संध्याकाळी वर्गाला या. प्रश्न विचारायला नवा चेहरा लागतो. माझ्यासमोर मुले आता घाबरत नाहीत.

वाशिंदच्या त्या मुलाच्या नावाची दुरुस्ती झाली आहे. पत्र अजून यायचे आहे. फॉर्म भरून माझ्या पिशवीत ठेवला आहे, मालकाच्या सहीची जागा तेवढी कोरी आहे.